पिन काढण्याआधी: डोलकाठीच्या तारांचं काम शिकताना

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. हे अंगात मुरलं की रिगिंगचं, म्हणजे डोलकाठीला धरणाऱ्या तारा-दोरांचं, निम्मं काम शिकून झालं, असं मी यार्डात येणाऱ्या नव्या मुलामुलींना सांगतो. पुढून फोरस्टे ओढतो, मागून बॅकस्टे, दोन्ही बाजूंनी श्राउड. या तारा एकमेकींच्या विरुद्ध ताणलेल्या असतात, म्हणून ती सरळ राहते. एक तार सोडली की समोरची तार डोलकाठीला आपल्याकडे खेचायला मोकळी होते. त्यामुळे तार जागेवर अडकवून ठेवणारी कुठलीही पिन काढण्याआधी विचारायचं: या तारेचा भार आता कोण घेतंय? उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'काही होत नाही, पाच मिनिटांचं काम आहे' हे उत्तर नव्हे.

बरीच मुलं अभिलाष टॉमींचं नाव ऐकून इकडे येतात. २०१३ साली 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून ते मुंबईत परतले. अशा सफरीची स्वप्नं जरूर पाहावीत. पण इतके महिने डोलकाठीला धरून ठेवतात त्या तारा आणि बोटाएवढ्या पिना, त्यांच्याकडेही तितक्याच प्रेमाने पाहावं.

मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाआधी बोटी पाण्याबाहेर येतात, आणि शिकायचे खरे दिवस तेच. डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली असेल तर प्रत्येक सांधा नजरेच्या टप्प्यात असतो. सुती फडकं तारेवरून हळूच फिरवा. तुटलेली काडी, म्हणजे पिळातली बारीक तार, असेल तर फडक्याचा धागा अडकतो. एक जरी काडी तुटलेली सापडली, तरी ती तार बदलायची. खालच्या टोकाचं स्वेज, म्हणजे तारेवर दाबून बसवलेली धातूची नळी, भिंगाखाली बघा. तारेवरून ओघळणारं खारं पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून धरतो. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तारांचं आयुष्य साधारण १० ते १२ वर्षं धरतात; आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत मी तेवढी वाट पाहत नाही.

डोलकाठी उभी ठेवूनच तार बदलायची असेल, तर एका वेळी एकच. फोरस्टे काढायचा असेल तर जिब किंवा स्पिनेकर या पुढच्या शिडांचं हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) भक्कम फिटिंगला बांधून विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीवर, ताणायचं. बॅकस्टेसाठी मेन (मुख्य शिडाचं) हॅलियार्ड मागे न्यायचं. श्राउडसाठी हॅलियार्ड बाजूला, शेजारच्या चेनप्लेटपर्यंत, म्हणजे तार बोटीला जिथे अडकते त्या धातूच्या पट्टीपर्यंत. रेलिंगच्या खांबाला कधीच नाही, तो असा ओढ सोसायला बनवलेलाच नसतो. डोलकाठीच्या बुंध्याजवळही नाही, कारण दोर जवळजवळ उभाच उतरला तर बाजूला धरण्याचं बळ त्यात उरत नाही. दोर कमी ताणणारा हवा, पॉलिस्टर किंवा डायनीमा, नायलॉन नको. दोराचा शेवट नुसत्या क्लचवर (दोर दाबून धरणाऱ्या खटक्यावर) सोडू नका, क्लीटवर (दोर गुंडाळायच्या शिंगांवर) घ्या. झटक्याने उघडणारे स्नॅप शॅकलही इथे नकोत.

शेंडा धरला म्हणजे सगळं धरलं, असं मात्र नाही. खालचे श्राउड डोलकाठीचा मधला भाग सांभाळतात. ते काढले आणि बॅकस्टेचा ताण तसाच राहिला, तर शेंडा जागेवर राहूनही मधून कंबर वाकू शकते. म्हणून आधी बॅकस्टे सैल करायचा. वरचे आणि खालचे श्राउड एकत्र उघडायचे नाहीत. स्प्रेडर, म्हणजे श्राउडना बाहेर ढकलून धरणारे आडवे दांडे, मागे झुकलेले असतील आणि बॅकस्टे नसेल, तर बाजूचे श्राउडच डोलकाठीला मागेही धरून असतात. अशा बोटीवर हॅलियार्ड बाजूला नेऊन भागत नाही, मागेही न्यावं लागतं. डोलकाठीचा पाय कुठे टेकलाय, तेही आधी बघा. डेकवर टेकलेली डोलकाठी आधार सुटला की थेट आडवी होते. कीलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळापर्यंत, गेलेलीला डेकचा थोडा आधार असतो, पण त्यावर विसंबू नये.

टर्नबकल, म्हणजे तारेचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड, उघडण्याआधी किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहून ठेवा आणि टेपने खूण करा. दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या सैल करा. स्टेनलेसचे आटे ताणाखाली एकमेकांत जाम होतात. जोर लावण्याआधी ताण कमी करा, ग्रीस लावा.

वर चढायचं ते सर्व तारा जागेवर असतानाच. खाली कोणी तार सोडत असताना वर माणूस असता कामा नये, यात सवलत नाही. चढताना दोन हॅलियार्ड: एक ओढायला, दुसरं सुरक्षेला, दोन्ही हार्नेसला बोलाइनची गाठ मारून. वारा असेल, किंवा गेटवेच्या लाँचींच्या लाटा बोट हलवत असतील, तर काम पुढे ढकला. मालकाची घाई ही तुमची घाई नव्हे.

एकाहून जास्त तारा खराब असतील, किंवा डेकवरच्या डोलकाठीबद्दल जराही शंका असेल, तर क्रेन मागवा. पट्टा डोलकाठीच्या समतोलबिंदूच्या वर, स्प्रेडरखाली बांधायचा. क्रेनने वजन पेललं हे डोळ्यांनी पाहूनच शेवटच्या पिना काढायच्या आणि बुंध्याला दोर बांधून एकाने तो धरून ठेवायचा.

नवी तार बसवल्यावर आटे जुन्या नोंदीशी जुळवा, प्रत्येक क्लेव्हिस पिनमध्ये (तार अडकवणाऱ्या पिनेत) ती निसटू नये म्हणून कॉटर पिन घालून तिची टोकं किंचित फाकवा. पहिल्या काही फेऱ्यांत नवी तार थोडी बसते, त्यामुळे परतल्यावर ताण पुन्हा तपासा.