बँकॉकचा फ्लॅट आणि अडलेली टीएम ३०

बँकॉकमधल्या आमच्या भाडेकरूंचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज खिडकीवरच अडला, कारण टीएम ३० ची, म्हणजे परदेशी माणूस कुठे राहतो हे कळवणाऱ्या सूचनेची, पावती नव्हती. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ही सूचना इमिग्रेशनला द्यायची असते. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३८ ही जबाबदारी घरमालकावर किंवा घराचा ताबा असलेल्यावर टाकतं. एजंट "झालंय" म्हणत राहिला, केलं काहीच नव्हतं.

पुण्यात बसून मी ऑनलाइन खातं स्वतःच्या नावावर उघडायला घेतलं. फ्लॅटचा मालकी दाखला, ताबियन बान म्हणजे घराची नोंदवही, पासपोर्ट आणि भाडेकरार जोडला. मंजुरीला वेळ लागणार होता आणि भाडेकरूंचा जीव टांगणीला, म्हणून तिथल्या एका परिचित थाई बाईंना मुखत्यारपत्र देऊन कार्यालयात पाठवलं. त्यांनी दंड भरला (कायद्यात कमाल २,००० बाट) आणि पावती मिळाली. आता नवा भाडेकरू आला की त्याच संध्याकाळी मीच माहिती भरतो. एजंटाच्या तोंडी शब्दावर हे काम सोडूच नका.

करार मी वर्षाचाच करतो. परवान्याशिवाय दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या बोलीवर फ्लॅट देणं २००४ च्या हॉटेल कायद्यात अडकतं, आणि इमारतीत कायम राहणाऱ्यांना त्याचा खरंच त्रास होतो.

भाड्यावर थायलंडमध्ये कर आहेच. भारतात निवासी असाल तर इथल्या विवरणपत्रातही ते उत्पन्न आणि परकीय मालमत्तेच्या तक्त्यात तो फ्लॅट दाखवावा लागतो. तिकडे भरलेल्या कराची पावती त्यासाठी जपून ठेवा.