रिकामी खोली, एकटी मावशी अन् शिकायला आलेली पोर: एकत्र राहायचं कसं जमवायचं

जळगावात कुठल्याही जुन्या कॉलनीत चक्कर मारा, दोन मजली घर, वरच्या खोल्यांना कुलूप, खाली सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा अन् पोरं पुण्याला नाहीतर सुरतला. अन् चोपडा, यावल, शिरपूरकडून शिकायला आलेली पोरं एका खोलीत चौघं चौघं राहून मेसचं पातळ वरण खातायत. या दोघांची गाठ घालून देणं अवघड नाहीये, फक्त पद्धतशीर करावं लागतं.

आधी आमची चूक सांगतो. माझ्या मावशीकडे पहिला विद्यार्थी राहायला ठेवला तेव्हा आम्ही नुसतं "थोडं लक्ष ठेव रे" एवढंच म्हटलं होतं. थोडं म्हणजे किती ते कोणीच ठरवलं नाही, मग किराणा, गॅसचा नंबर, बँक, दवाखाना, रात्री पाय दुखले तरी त्यालाच हाक, ऐन परीक्षेत तो पोरगा बॅग भरून गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आम्ही त्याला बिनपगारी नोकर करून टाकलं होतं याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम, तास ठरवा. जर्मनीतल्या विद्यापीठांच्या गावांत अशी योजना चालते, तिथला हिशोब एकदम सोपा आहे, खोलीच्या दर चौरस मीटरला महिन्याला एक तास मदत, लाइट-पाण्याचे पैसे विद्यार्थ्याने वेगळे द्यायचे, अन् आजारपणातली सेवा यात धरायचीच नाही. आपली दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण ९ चौरस मीटर, म्हणजे महिन्याला ९ तास, आठवड्याला दोन-सव्वादोन तास झाले. नेदरलँड्समधे देवेंटर गावातल्या हुमानिटास वृद्धाश्रमात तर २०१२ पासून विद्यार्थी फुकट राहतात, बदल्यात महिन्याला ३० तास तिथल्या म्हाताऱ्या माणसांसोबत घालवायचे. आपण अर्धं भाडं अन् थोडे तास असंही बसवू शकतो.

मग त्या तासांत काय काय ते वहीत लिहा. मावशीच्या वहीत आत्ता असं आहे: नळ येईल त्या दिवशी मोटर लावून टाकी भरणं, उन्हाळ्यात रोज कुलरमधे पाणी, आठवड्याचा बाजार, मोबाइलवर लाइटबिल. खाली लाल पेनाने काय नाही तेही लिहिलंय: एटीएमचा पिन नाही, इंजेक्शन नाही, रात्रीचं जागरण नाही. परीक्षेच्या महिन्यात सगळं माफ.

कागद पक्का करा, ओळखीतला असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी अन् नोंदणी केलेला लागतो, अन् नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायला द्यायचा करार, ११ महिन्यांचं करतात, ते ऑनलाइन होतं, पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते. करार आजीच्या नावाने, पुण्यातल्या मुलाच्या नाही, घर तिचं आहे ना.

अन् हे सगळं ठरवायच्या आधी आजीलाच विचारा, मुलं-सुना परस्पर ठरवतात तिथेच गाडी अडते. दोघांना समोरासमोर बसवून बोलू द्या: मटण-अंडी चालतील का, दार किती वाजता बंद, मित्र-मैत्रिणी आलेल्या चालतील का, देवघराजवळ चप्पल, टीव्हीचा आवाज. आधी एक महिना राहून बघू म्हणा, नाही पटलं तर कोणीच रागवायचं नाही.

घरात थोडा खर्च करा, बाथरूममधे धरायला दांडी, जिन्यात रात्रीचा दिवा, फ्रिजवर मोठ्या अक्षरात ११२, १०८ अन् ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, शेजारच्यांचा नंबरही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारी एकदा "पाणी पिलं का" म्हणून फोन करायचा हे पोरीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आठवड्यातून एक जेवण मात्र सोबत, हे मी हट्टाने सांगतो. आत्ता मावशीकडे नर्सिंगची मुलगी आहे, रविवारी ती वांगी भाजते, मावशी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापते अन् "चाल वं, जेवाले बस" म्हणून हाक मारते. एप्रिलमधे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले होते, मावशीला जिना चढवत नाही तर ती खालून ओरडून सांगत होती अन् ही वरून एकेक बिबडा उचलून "वाळला का बघा" म्हणून कठड्यावरून दाखवत होती. या वेळेचे तास वहीत लिहायचे नाहीत.

सुरुवात करायची तर मे महिन्यात करा, जून-जुलैत ॲडमिशन झाली की पोरं खोल्या शोधत फिरतात. कॉलेजच्या ऑफिसात अन् कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात सांगून ठेवा, अन् पोराच्या आईवडिलांना एकदा घरी चहाला बोलवा, त्यांनाही घर बघू द्या.