घरामागचा शिक्रा: फोटोग्राफी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

कॅमेरा घेतला की आपल्याकडचे सगळे आधी हतनूरला पळतात, मीपण पळालो, दोन हिवाळे धरणावर काढले, बदकं भरपूर मिळाली पण शिकारी पक्ष्याचा एक धड फोटो नाही. आणि इकडे यावल तालुक्यात माझ्या घरामागे, केळीच्या बांधावरच्या निंबावर शिक्र्याची, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याची, जोडी रोज येऊन बसत होती! म्हणून नवीन लोकांना माझं एकच सांगणं, पायी जाता येईल एवढ्या अंतरातली एक जोडी शोधा आणि वर्षभर तीच बघा.

शोधायचं कानांनी. खार एका जागी बसून शेपटी झटकत चिक चिक लावते, साळुंक्या कालवा करतात, की लगेच त्या झाडाच्या मधल्या फांद्या बघा, शेंडा नाही, शिक्रा पानाआडच बसतो. त्याचा आवाज टी-टू, टी-टू, पण कोतवाल पक्षी तोच आवाज हुबेहूब काढतो, मी कितीदा फसलोय. पावशापण फसवतो, तोच आपला 'पेर्ते व्हा' वाला, रंग आणि उडणं अगदी शिक्र्यासारखं, तेव्हा चोच बघायची, शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली असते. नराचा डोळा लाल, मादीचा पिवळा-नारिंगी आणि मादी अंगाने मोठी. छातीवर तांबूस आडव्या रेघा असल्या तर पूर्ण वाढलेला पक्षी, तपकिरी उभे ठिपके असले तर यंदाचं पिल्लू.

लेन्स माझी साधी ७०-३०० मिमीची. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/१००० सेकंद, उडताना १/२५००, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ऑटो, फोकस डोळ्यावर. मागे मोकळं आभाळ असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +१ करा नाहीतर पक्षी काळा येतो, कापशी घारीला मात्र उलट, ती पांढरी असते म्हणून उन्हात थोडं कमी करायचं. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर मी कॅमेरा बॅगेत टाकतो, आपली काळी जमीन तापली की हवा थरथरते आणि लेन्स कितीही महाग असली तरी फोटो मऊ, म्हणजे धूसरच येतो.

उडायच्या आधी शिक्रा पुढे झुकतो, शेपटी उचलतो आणि पांढरी पिचकारी सोडतो, त्यानंतर बऱ्याचदा दोन-तीन सेकंदात उडतो, ते दिसलं की बोट दाबूनच ठेवायचं. माझा सगळ्यात आवडता फोटो असाच मिळाला, पायात सरडा, सरड्याची शेपटी लोंबतेय आणि पंख अर्धे उघडलेले.

शेत ज्यांचं आहे त्यांना आधी विचारा. आमचे नाना म्हणाले, "ये ना भो रोज, पण शर्ट एकच घालत जा, ओळखीचा होशील त्याला." मी तसंच केलं, तोच मातकट शर्ट, तीच वेळ, तीच जागा. आठवडाभर तो मला बघून उडायचा, महिन्याभराने बसून पिसं साफ करायला लागला.

आता घरट्याचं. मार्च ते जून त्यांचा विणीचा काळ. पहिल्या वर्षी मी ट्रायपॉड लावून रोज झाडाखालीच उभा राहिलो, मादी लांबच्या बाभळीवर बसून ओरडत राहायची, मला वाटायचं छान पोज देतेय. घरटं उघडं पडलं, कावळे आले आणि पाचव्या दिवशी घरटं रिकामं होतं. ती चूक माझी होती आणि मला ती अजून सलते. शिक्रा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, घरट्याला त्रास देणं कायद्याने शिकारीतच धरलं जातं. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणंपण नकोच, पक्षी खायचं सोडून हद्द राखायला धावतो.

यंदा चाळीस पावलांवर केळीच्या खोडाआड बसलो. घरट्याचा एकही फोटो नाही. जूनमध्ये ढगाळ सकाळी दोन पिल्लं विहिरीच्या कठड्यावर येऊन बसली, आयएसओ ६४०० वर गेला, फोटोत दाणे आलेत, पण छातीवरचे उभे ठिपके मोजता येतात.