प्राचीन रोममधली विनोदी गोष्ट मुलांसाठी कशी लिहायची

सम्राट, सेनापती वगैरे आधी बाजूला ठेवा आणि एक ८-९ वर्षांचं पोरगं घ्या, जे इन्सुला म्हणजे तिथल्या उंच चाळीत अगदी वरच्या मजल्यावर राहतंय, कारण वर भाडं कमी, पण पाणी मात्र खालून भरून आणायचं, म्हणजे पहिला प्रसंग जिन्यातच मिळाला.

विनोद ओढूनताणून आणायची गरजच नाही. रोमचे धोबी कपडे धुवायला चक्क लघवी वापरायचे, त्यातल्या अमोनियाने मळ निघायचा, आणि सम्राट व्हेस्पेशियनने तर त्या लघवीवरही कर लावला होता! मुलांना एवढंच सांगून बघा, हसून हसून लोळतील. मग नायकाला भरलेलं मडकं घेऊन धोब्याकडे पाठवा, गर्दीत एक धक्का लागू द्या, पुढचं आपोआप सुचतं.

सणाचा सीन हवा तर डिसेंबरमधला सॅटर्नेलिया घ्या, तेव्हा काही घरांत मालक गुलामांना जेवायला वाढायचे. इथे एक मनापासून सांगते, गुलामाची थट्टा करू नका, फजिती मालकाची होऊ द्या.

जेवणात टोमॅटो, बटाटा, मिरची अजिबात नको, हे सगळं अमेरिकेतून १४९२ नंतर आलं. त्याऐवजी गारुम, म्हणजे माशांचं आंबवलेलं वासाचं सॉस. आणि शाळेत मुलं मेणाच्या पाटीवर लिहायची, त्यामुळे 'गुरुजी, गृहपाठ उन्हात वितळला' हे कारण तर तयारच आहे, ते नक्की वापरा!