टीव्हीवर गाजलात, आता दोन तासांचा शो कसा काढायचा

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे टीव्हीच्या स्पर्धेतून नुकतेच बाहेर पडलेले सिंगर बाजूला उभे राहून भरपूर बघितलेत. टीव्हीवर दोन मिनिटांचं एक गाणं आणि त्याची आठवडाभर तालीम, इथे वीस गाणी, मधे बोलायचं पण, आणि रिटेक नाही.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे कुठला सूर सा धरून गायचं ते. टीव्हीवर जज खूश व्हावेत म्हणून गाणं वर चढवलेलं असतं, ते तसंच स्टेजवर आणू नका. एक मुलगी होती, नाव नको, तिचं गाजलेलं गाणं तिला काळी पाचमध्येच हवं होतं (पट्टीचं नाव पेटीच्या काळ्या-पांढऱ्या बटणांवरून). म्हटलं ताई अर्धा सूर खाली घेऊया, पांढरी सहा, कोणाला कळणार पण नाही. नाही म्हणजे नाही. गाणं आलं अकरावं, तोवर घसा दमलेला, अंतऱ्यात वरच्या सा ला आवाज चिरकला आणि पुढची सगळी गाणी बिचारी घाबरत घाबरत गायली. पुढच्या शोला स्वतःच म्हणाली, दादा, ट्रान्सपोज मायनस एक, म्हणजे कीबोर्डवर सगळं अर्धा सूर खाली. तर घरी सलग बारा गाणी म्हणून बघा आणि बाराव्या गाण्याला जी पट्टी आरामात लागते तीच स्टेजची धरा. यादी कीबोर्डवाल्याला आदल्या दिवशी पाठवा, ऐन वेळी मागे वळून "काळी चार ना?" विचारलेलं पहिल्या रांगेला ऐकू जातं हो.

गाण्यांचा क्रम लावताना पहिलं गाणं ओळखीचं पण सोपं घ्या, टीव्हीवरचं हिट शेवटाकडे, आणि त्याच्या आधी एखादं ड्युएट किंवा नुसतं वाद्यांचं, म्हणजे घशाला जरा दम मिळतो.

साऊंड चेक चुकवू नका, तिथे नखरे केलेले चालतात. मोठ्या मैदानात तुमचाच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे भिंत ५० मीटरवर असली तर जाऊन-येऊन पाव सेकंदापेक्षा जास्त उशीर, आणि त्यावर कान ठेवून गायलात की लय मागे पडलीच. म्हणून मॉनिटर, म्हणजे स्टेजवर तुमचा आवाज तुम्हालाच ऐकवणारा स्पीकर, नीट मागून घ्या. इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) असतील तर पब्लिक ऐकू यावं म्हणून एक काढून ठेवू नका, मग दुसऱ्या कानात व्हॉल्यूम वाढवत बसता आणि त्या कानाची वाट लागते. माईकची जाळी मुठीत धरायची स्टाईल फोटोत भारी दिसते पण त्याने माईकची मागचा आवाज टाळायची सोय बंद पडते आणि शिट्टी सुरू होते. खालच्या सुराला माईक जवळ, वर जाताना थोडा लांब.

टीव्हीवर गेस्ट म्हणून बोलावलं की बऱ्याचदा गाणं आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवायला लावतात. त्यात लाज कसली, पण आपल्याच रेकॉर्डिंगमधले श्वास पाठ करा आणि शूटला हळू आवाजात खरंच गा, नाहीतर क्लोजअपमध्ये मान एकदम निवांत दिसते. मायनस ट्रॅक (गायकाच्या आवाजाशिवाय नुसतं म्युझिक) मूळ पट्टीत एक आणि अर्धा सूर खाली एक, असे दोन जवळ असू द्या.

चॅनेलचा करार वकिलाला दाखवूनच सही करा. दुसऱ्या चॅनेलवर किती महिने गायचं नाही आणि बाहेरच्या शोमध्ये त्यांचा वाटा किती, हे दोन मुद्दे मी तरी आधी बघेन. जिंकलो नाही म्हणून पडेल त्या अटी मान्य करू नका, अरिजित सिंग २००५ च्या फेम गुरुकुल या टीव्ही स्पर्धेत कुठे जिंकला होता.

शो संपला की अर्धा तास बोलणं बंद. कुजबुजणं पण नको, त्याने घशावर उलट ताण येऊ शकतो. सेल्फीवाले येतीलच, त्यांना हसून मान हलवा आणि बोलायचं काम निवेदकावर सोडा, त्याला तेवढंच हवं असतं.