लांब पायपिटीनंतरची चढाई : बाण सुळक्यासाठी पूर्वतयारी

तैलबैला या चढाईसाठी प्रसिद्ध कातळाच्या भिंतीखाली गावातून तासाभराच्या आत पोहोचता येते आणि एखादी वस्तू विसरलीच तर माघारी जाऊन आणताही येते. रतनगडाच्या परिसरात, सांधण दरी जिथे खाली मोकळी होते त्या बाजूला उभ्या असलेल्या सुमारे ७०० फुटी बाण सुळक्याच्या बाबतीत ही सोय नाही. शहापूर तालुक्यातल्या देहेणे गावातून निघाल्यावर झाडीतून आणि ओढ्यातल्या मोठमोठ्या धोंड्यांवरून वाट काढत पायथा गाठावा लागतो आणि पाठीवर साहित्याचे ओझे असताना या चालीला तीन तासांहून कमी वेळ धरू नये. त्यामुळे येथे चढाईचे नियोजन कातळापासून नव्हे, तर सॅक भरण्यापासून सुरू करावे लागते.

१० मिमी जाडीचा ६० मीटर लांबीचा डायनॅमिक (ताणला जाऊन पडण्याचा झटका शोषणारा) रोप जवळपास चार किलो भरतो. एका माणसाला दिवसभरासाठी लागणारे चार लिटर पाणीही तेवढेच भरते. म्हणजे प्रत्येक जादा रोपाची किंमत एका माणसाच्या पाण्याएवढी असते. तरीही दोन रोप न्यावेतच, कारण एकाच रोपावर विसंबले तर तो खालून ओढून घेता यावा म्हणून दुहेरी करून एका टप्प्यात ३० मीटरच उतरता येते आणि एखाद्या दगडाने तो कापला गेला तर परतीची वाटच बंद होते. वजन कमी करायचेच असेल तर जादा कपडे, मोठी भांडी आणि प्रत्येकाने वेगवेगळा आणलेला खाऊ यांवर कात्री चालवावी. रोप सॅकच्या बाहेर लटकवून नेण्याची अनेकांना सवय असते. फोटोत ते शोभून दिसते, पण कारवीच्या काटक्यांत तो अडकतो, म्हणून रोप सॅकच्या आतच भरावेत.

मोहिमेसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. त्यातही डिसेंबर संपण्यापूर्वी जाणे मला अधिक पसंत आहे, कारण पुढे ओढ्यातले पाणी आटत जाते. पाणी नेमके कुठवर मिळेल हे गावातच विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास त्या रानात नेहमी वावरणाऱ्या गावकऱ्याला वाटाड्या म्हणून योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. ढोरवाटांचे फाटे इतके फुटतात की नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात सापडेलच असे नाही. घाटमाथ्यावरचा साम्रद-रतनवाडीचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्या बाजूने उतरणार असाल किंवा रानात मुक्काम करणार असाल, तर वन खात्याची परवानगी आधीच मिळवावी.

पायथा आदल्या दिवशी दुपारपर्यंत गाठावा, कारण त्या संध्याकाळी एक महत्त्वाचे काम उरकायचे असते. दुर्बीण घेऊन सुळक्याची भिंत तळापासून माथ्यापर्यंत निरखावी आणि आग्या मोहोळाची पोळी कुठे लटकली आहेत ते पाहावे. सह्याद्रीतल्या कड्यांवर मला दगड पडण्याइतकीच भीती या माश्यांची वाटते. मोहोळ उठले तर जमिनीवरचा माणूस निदान पळू शकतो, रोपला अडकलेल्या माणसाला तीही मुभा नसते. पोळे चढाईच्या मार्गालगत असेल तर मार्ग बदलावा किंवा चढाई रद्द करावी. अत्तर, डिओडरंट, धूर आणि आरडाओरडा यांना पायथ्याशी मज्जाव असावा आणि चूल भिंतीपासून बरीच दूर मांडावी.

पहाटे अंधारातच आवराआवर करून उजाडताच लीडरने, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याने, चढाईला हात घालावा. बेसॉल्टचा एखादा थर अत्यंत भक्कम असतो, तर त्याच्याच वरचा थर भुसभुशीत निघतो. म्हणून प्रत्येक पकड भार देण्यापूर्वी मुठीने ठोकून पाहावी. घट्ट कातळ टणक लागतो, सुटलेला दगड बद्द वाजतो. टप्प्यांवर वाळलेले गवत माजलेले असते, त्यावरून बूट सटकतो. कातळात ठोकलेल्या जुन्या बोल्टवर आंधळा विश्वास नको. पावसाळ्यामागून पावसाळे झेलून ते गंजलेले असतात, म्हणून हँगर, म्हणजे बोल्टला जोडलेली धातूची पट्टी, हलतो का, बोल्टभोवतीचा दगड फुटला आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. जिथे सगळ्यांचा भार एकत्र येणार आहे त्या अँकरला (रोप बांधण्याच्या जागेला) किमान दोन स्वतंत्र आधार असावेत. खाली बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणाऱ्याने, सुळक्याच्या सरळ रेषेत न थांबता आडोशाला उभे राहावे आणि हेल्मेट जेवतानाही काढू नये.

माघारीची वेळ पायथ्याशीच ठरवावी आणि ती सर्वांनी मोठ्याने एकमेकांना सांगावी. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत तर त्याआधीच अंधारून येते. सहा जणांचा चमू आणि उतरण्याचे चार टप्पे असतील तर निव्वळ रॅपलिंगला, म्हणजे रोपावरून उतरण्याला, तीन तास सहज लागतात. म्हणून दुपारी दोनपर्यंत माथा हाती आला नाही, तर तो कितीही जवळ दिसत असला तरी उतरायला लागावे. प्रत्येक टप्प्यावर रोपाच्या दोन्ही टोकांना गाठ मारणे आणि पहिला माणूस खाली पोहोचताच रोप ओढून तो मोकळा सरकतो आहे याची खात्री करणे, ही दोन कामे कितीही थकवा आला तरी टाळू नयेत. शेवटचा माणूस उतरल्यावर रोप अडकल्याचे लक्षात आले, तर पुन्हा वर चढण्याखेरीज फारसा पर्याय उरत नाही.

या भागात मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही. अपघात झालाच तर जखमीजवळ एकाला ठेवून दोघांनी मिळून गाव गाठावे, एकट्याने अंधारात निघू नये. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि कागदावरही असावा. चमूतल्या सर्वांची नावे, मार्ग आणि परतीची अपेक्षित वेळ गावातल्या एका जबाबदार व्यक्तीकडे लिहून द्यावी आणि उतरल्यावर कितीही उशीर झाला तरी परस्पर गाडीत न बसता तिला आधी भेटावे, नाहीतर आपण घरी झोपलेलो असताना गावकरी कंदील-बॅटऱ्या घेऊन रानात आपल्याला शोधत फिरतात.