जर्मनव्याप्त पॅरिसचा फोटो वापरण्याआधी कसा तपासावा

१४ जून १९४० ला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि २५ ऑगस्ट १९४४ ला शहर मुक्त झाले. या चार वर्षांचे हजारो फोटो आज घरबसल्या मिळतात. दिनविशेषाची पोस्ट असो, यूट्यूबचा व्हिडिओ असो की शाळेचा प्रकल्प, ते सर्रास वापरले जातात. फोटो बहुधा खरा असतो, खोटी असते ती फोटोओळ. म्हणून फोटो वापरण्याआधी त्याची तपासणी पुढच्या क्रमाने करावी.

सर्वांत आधी फोटो कोणी काढला ते शोधा. १६ सप्टेंबर १९४० च्या जर्मन आदेशाने सामान्य नागरिकांना परवान्याशिवाय घराबाहेर फोटो काढायला बंदी झाली. म्हणजे त्यानंतरचा रस्त्यावरचा स्वच्छ, निवांतपणे काढलेला फोटो दिसला, की तो जर्मन सैनिकाचा, प्रचार तुकडीचा किंवा परवानाधारकाचा असण्याची शक्यता मोठी. चोरून काढलेले फोटोही आहेत, पण त्यांत चौकट वाकडी असते, कडेला खिडकीची किंवा कोटाची किनार येते.

विकिमीडियावर जर्मन संघीय अभिलेखागाराचे फोटो भरपूर आहेत. त्यांच्या क्रमांकाची सुरुवात पाहा. ‘१०१ आय’ने (101I) सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो फोटो लष्कराच्या प्रचार तुकडीचा. त्याखालचे मूळ जर्मन शीर्षक युद्धकाळातले असू शकते, ते तसेच भाषांतर करून वापरू नका. रंगीत फोटो असेल तर आणखी सावध राहा. आंद्रे झुका हा फ्रेंच छायाचित्रकार ‘सिग्नल’ या जर्मन प्रचार नियतकालिकासाठी काम करत होता आणि त्याला आग्फाकलर ही रंगीत फिल्म मिळत असे. ती फिल्म मंद होती, भरपूर ऊन लागायचे. त्याच्या फोटोंतले पॅरिस सतत उन्हात न्हालेले आणि मजेत दिसते, त्याचे एक कारण हे तांत्रिक आहे. २००८ मध्ये पॅरिसमध्ये या फोटोंचे प्रदर्शन पुरेशा खुलाशाशिवाय मांडले गेले आणि मोठा वाद झाला. शेवटी प्रेक्षकांना माहितीपत्रक वाटावे लागले.

यानंतर जागा पक्की करा. फोटो मोठा करून दुकानांच्या पाट्या वाचा. अक्षरे उलटी दिसली तर निगेटिव्ह उलट बाजूने छापली आहे. पाटी नसेल तर वाहने पाहा, फ्रान्समध्ये ती रस्त्याच्या उजवीकडून चालतात. मग आजच्या रस्त्याच्या दृश्याशी छपरे, धुराडी आणि बाल्कनीचे कठडे जुळवा. तळमजल्यावर विसंबू नका, दुकानांचे दर्शनी भाग सारखे बदलत आले आहेत.

आता तारीख. काही खुणा काळाची हद्द ठरवून देतात. मोटारीच्या मागे किंवा बाजूला बंबासारखे उभे नळकांडे दिसले, तर ते लाकडाच्या किंवा कोळशाच्या वायूवर इंजिन चालवण्याचे यंत्र. पेट्रोलच्या टंचाईमुळे त्याचा प्रसार झाला. आयफेल टॉवरवर किंवा संसदभवनावर मोठा ‘व्ही’ आणि जर्मन विजयाची घोषणा असेल, तर फोटो जुलै १९४१ च्या जर्मन ‘व्ही’ प्रचारमोहिमेच्या आधीचा असू शकत नाही. पुतळ्याविना उघडा चौथरा असेल, तर ११ ऑक्टोबर १९४१ चा कायदा आठवा. त्या कायद्याखाली पॅरिसचे कितीतरी ब्राँझचे पुतळे काढून वितळवले गेले. आणि कपड्यांवर डाव्या छातीशी पिवळा तारा असेल, तर तारीख ७ जून १९४२ किंवा त्यानंतरची. व्याप्त विभागातल्या सहा वर्षांवरील ज्यूंना तो त्या दिवसापासून सक्तीचा झाला.

फोटोत घड्याळ असेल तर सावल्यांशी ताडून पाहा. जर्मनांनी आल्याबरोबर पॅरिसची घड्याळे एक तास पुढे करून बर्लिनशी जुळवली. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर यायला दुपारचे सुमारे पावणेदोन-दोन वाजत. फ्रान्सची आजची उन्हाळी वेळही तीच असल्याने सूर्याची दिशा दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचे आकडे उन्हाळ्यासाठी जसेच्या तसे चालतात. चूक होते ती हिवाळ्यात. १९४०-४१ आणि १९४१-४२ या दोन हिवाळ्यांत घड्याळे मागे घेतलीच नव्हती, ती थेट नोव्हेंबर १९४२ मध्ये मागे आली. त्या दोन हिवाळ्यांच्या फोटोसाठी संकेतस्थळाच्या वेळेत एक तास मिळवा. तो मिळवला नाही तर खरा फोटोही खोटा ठरेल.

सर्वांत जास्त काळजी धरपकडीच्या फोटोंत घ्या, कारण इथली चूक मेलेल्यांवर अन्याय करते. १६ आणि १७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात १३,१५२ ज्यूंना पकडले, त्यांत ४,११५ मुले होती. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना ‘व्हेल दिव्ह’ या सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये डांबले. या घटनेचा म्हणून स्टेडियमच्या आतल्या गर्दीचा जो फोटो वर्षानुवर्षे छापला गेला, तो प्रत्यक्षात १९४४ चा आहे. त्यातले लोक मुक्तीनंतर पकडलेले, जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा संशय असलेले कैदी आहेत. सेर्ज क्लार्सफेल्ड या इतिहासकाराने ही चूक उघड केली. जुलै १९४२ चा ज्ञात फोटो आहे तो स्टेडियमबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बसगाड्यांचा. त्यात माणसे जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणूनच बहुधा लोक दुसऱ्या फोटोकडे वळतात.

इथे ताऱ्याची कसोटी उपयोगी पडते. जुलै १९४२ च्या फोटोत माणसांच्या छातीवर तारा दिसायला हवा. १४ मे १९४१ ला सुमारे ३,७०० परदेशी ज्यू पुरुषांना बोलावून पकडले गेले, त्यात जापी व्यायामशाळेचाही वापर झाला. जर्मन प्रचार तुकडीच्या हॅरी क्रोनरने काढलेले त्याचे फोटो २०२१ मध्ये प्रकाशात आले. त्यांतल्या कोणाच्याही अंगावर तारा नाही, कारण तेव्हा तो सक्तीचा नव्हता. हे फोटो ‘जुलै १९४२’ म्हणून फिरताना दिसले तर थांबा. चुकीच्या फोटोओळीने फिरणारा आणखी एक फोटो आहे सूट घालून रडणाऱ्या फ्रेंच गृहस्थाचा: फोटोओळ ‘पॅरिस, जून १९४०’ असते, पण फोटो दक्षिण फ्रान्समधल्या मार्से शहराचा आहे आणि तो गृहस्थ रडतो आहे ते फ्रेंच पलटणींचे ध्वज देशाबाहेर जाताना पाहून.

फोटोओळीत चार गोष्टी लिहा: ठिकाण, तारीख, छायाचित्रकार आणि तो कोणासाठी काम करत होता. तारीख पक्की नसेल तर दोन हद्दी द्या, जसे ‘जून १९४२ ते ऑगस्ट १९४४’. झुकाचा फोटो असेल तर ‘जर्मन प्रचार नियतकालिकासाठी काम करणाऱ्या छायाचित्रकाराने काढलेला’ हे शब्द फोटोओळीतच हवेत, लेखाच्या तळटीपेत नकोत, कारण फोटो पुढे पाठवला जातो तेव्हा तळटीप मागेच राहते.